अजाईल म्हणजे काय? सुरतेच्या सफाईतून शिकूया गटानं काम करायची पद्धत



आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांची पोरं आता कंपनीत लागली आहेत. कुणी पुण्याला हिंजवडीत, कुणी मुंबईला, कुणी इथंच सुरतेत. ती घरी आली की फोनवर बोलताना "आमचा स्प्रिंट चालू आहे", "सकाळी स्टँडअप आहे", "आमची टीम अजाईल आहे" असले शब्द कानावर पडतात. हे अजाईल म्हणजे नेमकं काय, आणि होडी, जाळं, बर्फ, बाजार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना त्याचा काही उपयोग आहे का, असं सभासदांनी विचारलं. म्हणून आजचा पाठ त्यावर.

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चपळ. पण चपळ म्हणजे घाईघाईनं काम उरकणं असा अर्थ कुणी घेऊ नका. आम्हाला समजलं ते एका वाक्यात सांगतो. काम बिघडलं की ते आपल्याला किती लवकर कळतं, आणि कळल्यावर आपण किती लवकर दिशा बदलतो, यावर गटाचं यश ठरतं. बाकीचे सगळे शब्द, बैठका आणि फलक या एका गोष्टीसाठी आहेत.

हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या उधन्यात, आपल्याच शहरात याचा मोठा दाखला आहे. तिथं येऊच. आधी अडचण काय असते ते बघू.

उशिरा कळण्याची किंमत

समजा, एखाद्या संस्थेनं बर्फ ठेवायला खोली बांधायची ठरवली. समिती बसली, नकाशा काढला, अंदाजपत्रक झालं, ठेकेदार नेमला. आठ महिन्यांनी खोली तयार. उद्घाटनाच्या दिवशी कळलं की दरवाजा अरुंद आहे आणि बर्फाची गाडी आत वळत नाही. काम सगळं नकाशाप्रमाणे झालं होतं. पैसे वेळेवर दिले होते. फक्त रोज बर्फ ओढणाऱ्या माणसाला मधे एकदाही बोलावून दाखवलं नव्हतं.

या पद्धतीला जाणकार 'धबधबा पद्धत' म्हणतात. आधी सगळं ठरवायचं, मग सगळं बांधायचं, मग सगळं तपासायचं. धबधब्याचं पाणी खाली गेलं की परत वर चढत नाही, तसं इथं मागं वळता येत नाही. पुलासारखी कामं याच पद्धतीनं करावी लागतात, कारण अर्धा पूल कुणाच्या कामाचा नाही. पण जिथं गरज बदलते, माणसं बदलतात, हवा बदलते, तिथं वर्षभराचा पक्का आराखडा पहिल्या महिन्यातच जुना होतो.

दरवाजा दुसऱ्या आठवड्यात नुसता चुन्यानं आखून गाडी वळवून बघितली असती, तर खर्च चुनाभराचा होता. आठ महिन्यांनी कळलं तर भिंत फोडावी लागते. दोन्हीकडे चूक तेवढीच. ती कळायला लागलेला वेळ मात्र वेगळा.

सुरत, १९९४

आता आपल्या शहराची गोष्ट. चाळिशीच्या पुढच्या लोकांना ती सांगायची गरज नाही, पण तरुण सभासदांसाठी सांगतो.

१९९१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या १५ लाखांच्या जवळ पोचली होती. हिरे, जरी, यंत्रमाग, कापडाच्या गिरण्या यांच्यामुळं माणसं येतच होती. आपली खानदेशातली माणसं तापीच्या काठानं जाणाऱ्या उधना-जळगाव रेल्वेनं इथं उतरली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहिली. शहर वाढलं, पण गटारं, नळ आणि कचरा उचलायची व्यवस्था त्या वेगानं वाढली नाही. रोजच्या कचऱ्यातला मोठा भाग उचललाच जात नव्हता.

१९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला. सखल भागांत पाणी साचलं, जनावरं मेली, घाण सडली. सप्टेंबरमध्ये शहरात प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसं गाड्या, बस, ट्रक मिळेल त्यानं बाहेर पडली. सरकारी नोंदीप्रमाणे त्या साथीत देशभरात पन्नासहून जास्त माणसं दगावली, त्यांतली बहुतेक सुरतेतली. आजारापेक्षा भीतीनं जास्त नुकसान केलं. कारखाने बंद, बाजार बंद, जगभरात शहराचं नाव खराब.

एवढी घाण एका दिवसात साचलेली नव्हती. ती रोज थोडी थोडी साचत होती आणि गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. पण ज्यांच्या हातात निर्णय होता, त्यांच्या टेबलापर्यंत ती पोचत नव्हती. कागद खालून वर जायचे, सही होऊन खाली यायचे, आणि तोवर गल्लीतली परिस्थिती बदललेली असायची. बिघाड झाला कधी आणि तो कळला कधी, यात महिने नव्हे, वर्षं गेली होती.

१९९५ मध्ये काय बदललं

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे सनदी अधिकारी सुरत महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले. माणसं तीच होती, झाडू तेच होते. त्यांनी आधी बदलली ती कामाची घडी. ती नीट पाहा, कारण आजचा पाठ त्यातच आहे.

पहिली गोष्ट, शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला जागच्या जागी निर्णय घ्यायचे आणि खर्च करायचे अधिकार दिले. दक्षिण विभाग म्हणजे आपला उधना. इथल्या गटाराची फाईल दर वेळी मुख्य कचेरीत पाठवायची गरज उरली नाही.

दुसरी गोष्ट, अधिकाऱ्यांनी सकाळचे तास रस्त्यावर, वस्तीत, गटारापाशी घालवायचे असा नियम झाला. याला लोक 'एसी टू डीसी' म्हणायला लागले. म्हणजे एअर कंडिशनच्या खोलीतून बाहेर पडून 'डेली चोअर्स', रोजच्या कामात उतरायचं.

तिसरी गोष्ट, रोज दुपारी सगळे प्रमुख एकत्र बसायचे. सकाळी काय पाहिलं, कुठं अडलं, कुणाची मदत हवी, हे त्याच दिवशी समोरासमोर बोललं जायचं. पाणी खातं आणि गटार खातं एकमेकांना पत्रं लिहीत बसण्याऐवजी एकाच टेबलावर होती.

चौथी गोष्ट, नागरिकांच्या तक्रारींना मुदत ठरवून दिली. कुठली तक्रार किती वेळात निकाली काढायची हे आधीच ठरलं, आणि मुदत टळली तर विचारणा व्हायची.

पाचवी गोष्ट, आजारांची माहिती रोज गोळा व्हायला लागली. कुठल्या भागात तापाचे रुग्ण वाढले हे कळलं की तिथल्या पाण्याकडं आणि सफाईकडं लगेच लक्ष जायचं. काम झालं की नाही हे कागदावरून नाही, आजार कमी झाला की नाही यावरून ठरायला लागलं.

मोठे रस्ते रात्री झाडायची पद्धतही तेव्हाच रुळली. दिवसा गर्दीत झाडू चालत नाही, हे झाडणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. त्याला विचारलं की वेळापत्रक बदलता येतं.

१९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेनं सुरतेला चंदीगडनंतर देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. प्लेगला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

यातली सगळीच बाजू गोड नव्हती. रस्ते रुंद करताना अतिक्रमणं पाडली गेली, त्यात अनेकांची दुकानं आणि घरं गेली. हुकूम वरून होता. त्या काळी संगणक क्षेत्रातल्या कामाच्या पद्धतीलाही 'अजाईल' हा शब्द चिकटलेला नव्हता. पण बिघाड आणि कळणं यातलं अंतर वर्षांवरून एका दिवसावर आणलं की काय होतं, हे उधन्याच्या गल्लीबोळांनी बघितलं आहे.

मग हे नाव आलं कुठून?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरी ठिकाणी संगणक क्षेत्रातले १७ जण जमले. वर्षानुवर्षं चालणारे, शेवटी गिऱ्हाइकाच्या उपयोगी न पडणारे प्रकल्प बघून ते वैतागले होते. त्यांनी चार मूल्यं आणि बारा तत्त्वं लिहून काढली. चार मूल्यांचा सार आमच्या शब्दांत असा:

१. नियम आणि यंत्रं हवीत, पण माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं त्याहून महत्त्वाचं.
२. कागदपत्रं हवीत, पण प्रत्यक्ष चालणारी वस्तू त्याहून महत्त्वाची.
३. करारनामा हवा, पण गिऱ्हाइकाला सोबत घेऊन काम करणं त्याहून महत्त्वाचं.
४. आराखडा हवा, पण परिस्थिती बदलली तर आपण बदलणं त्याहून महत्त्वाचं.

नीट वाचा. कागद नको, आराखडा नको, असं कुणी म्हटलेलं नाही. दोन्ही लागतात. ओढाताण झाली तर कुठल्या बाजूला वजन टाकायचं, एवढंच सांगितलं आहे.

याची मुळं त्याहून जुनी आहेत. जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी कार्डांची पद्धत बसवली. पुढच्या माणसाला माल लागला की कार्ड मागं जायचं आणि तेवढाच माल तयार व्हायचा. या कार्डाला जपानीत 'कानबान' म्हणतात. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. नव्या वस्तू लवकर तयार करणाऱ्या कंपन्यांचे गट रिले शर्यतीसारखे एकामागून एक पळत नाहीत, रग्बीच्या संघासारखे सगळे मिळून चेंडू पुढं नेतात, असं त्यांनी दाखवलं. रग्बीतल्या घोळक्याला 'स्क्रम' म्हणतात. तोच शब्द घेऊन १९९५ मध्ये जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी स्क्रम पद्धत जगापुढं मांडली. योगायोग बघा, सुरतेत दुपारच्या बैठका सुरू झाल्या तेही १९९५ च.

सहा शब्द पाठ करा

पोरांच्या तोंडचे शब्द आपल्या भाषेत करून घेऊ.

कामांची यादी (बॅकलॉग). करायचं असलेलं सगळं एका जागी लिहायचं आणि महत्त्वाप्रमाणे वरून खाली लावायचं. सगळंच तातडीचं असं चालत नाही. एकाच माणसानं सर्वांशी बोलून क्रम ठरवायचा. कंपनीत त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. आपण 'यादीवाला' किंवा 'यादीवाली' म्हणू.

टप्पा (स्प्रिंट). एक ते चार आठवड्यांचा ठरावीक काळ. त्या काळात यादीतली वरची थोडी कामं घ्यायची आणि पूर्ण करायची. टप्प्याची तारीख पुढं ढकलायची नाही. हे आपल्याला नवीन नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग कुणासाठी थांबत नाही. डोलीवाले उधाणात मासेमारीला जोर लावतात आणि भांगाच्या दिवसांत जाळी नीट करून घेतात. पंधरा दिवसांचा टप्पा म्हणजे समुद्रानंच आखून दिलेला स्प्रिंट समजा.

रोजची उभी बैठक (स्टँडअप). रोज एकाच वेळी, एकाच जागी, जास्तीत जास्त १५ मिनिटं. उभं राहिलं की भाषणं होत नाहीत. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलं आहे. अडलेलं सोडवायला दोघं-तिघं नंतर वेगळे बसतात.

फलक (बोर्ड). भिंतीवर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. एका कामाची एक चिठ्ठी. काम सरकलं की चिठ्ठी सरकवायची. सर्वांना एकच चित्र दिसतं, विचारत फिरावं लागत नाही. 'चालू' रकान्यात एका वेळी तीन-चारच्या वर चिठ्ठ्या नकोत. दहा कामं अर्धी असण्यापेक्षा तीन पुरी झालेली बरी.

दाखवणी (रिव्ह्यू). टप्पा संपला की झालेलं काम ज्याला वापरायचं आहे त्याला प्रत्यक्ष दाखवायचं. फोटो नको, अहवाल नको, वस्तू दाखवा. बर्फाची गाडी दरवाज्यातून वळवून दाखवा.

मागं वळून बघणं (रेट्रोस्पेक्टिव्ह). दाखवणीनंतर गटानं आपसात बसायचं. काम काय झालं हे बोलायचं नाही, काम *कसं* झालं हे बोलायचं. काय चांगलं चाललं, काय खटकलं, आणि पुढच्या टप्प्यात कुठली एकच गोष्ट बदलायची.

गट लहान ठेवा. स्क्रमच्या पुस्तिकेत दहा किंवा त्याहून कमी माणसं सांगितली आहेत. बैठका वेळेवर होतात ना, अडथळे दूर होतात ना, हे बघणारा एक माणूस लागतो. त्याला स्क्रम मास्टर म्हणतात. नावात मास्टर असलं तरी तो साहेब नसतो, गटाचा मदतनीस असतो.

बंदीच्या दिवसांवर लावून बघू

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. गुजरातेत अलीकडच्या वर्षांत ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. उदाहरणासाठी आपण ६१ दिवसच धरू. पंधरवड्याचे चार टप्पे केले की ५६ दिवस होतात. उरलेले पाच दिवस राखीव.

गटात कोण? तांडेल, दोन-तीन खलाशी, इंजिनाचा मिस्त्री, जाळी विणणारे, आणि मासळी विकणारी बहीण. तिला का, असं काही जण विचारतील. क्रेट किती लागतील, कुठल्या मासळीला बर्फ कमी पडला, कुठला माल बाजारात पडून राहिला, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ती गिऱ्हाइकाचा आवाज आहे.

पहिला टप्पा, १ ते १४ जून: होडी वर ओढून शाकारायची. इंजिन उघडून *फक्त तपासायचं* आणि लागणाऱ्या भागांची यादी करायची. जाळी धुऊन, वाळवून, चांगली-वाईट वेगळी करायची.

दुसरा टप्पा, १५ ते २८ जून: इंजिनाचे भाग मागवायचे. एक पूर्ण जाळं, दोरखंड आणि बोयांसकट, तयार करायचं.

तिसरा टप्पा, २९ जून ते १२ जुलै: तळ खरवडणं, फळ्यांच्या फटी भरणं, इंजिन बसवणं, दुसरं जाळं.

चौथा टप्पा, १३ ते २६ जुलै: रंग, वायरलेस, लाइफ जॅकेट, परवाना आणि विम्याचे कागद, इंजिनाची चाचणी.

राखीव दिवस, २७ ते ३१ जुलै: डिझेल, बर्फ, शिधा, आणि राहून गेलेलं.

आता बघा, इंजिन पहिल्या टप्प्यातच का उघडलं? बरेच जण ते शेवटी उघडतात, कारण रंगाचं काम डोळ्यांना दिसतं आणि इंजिनाचं दिसत नाही. पण एखादा भाग बाजारात नसेल आणि यायला वीस दिवस लागणार असतील, तर ते १० जूनला कळलेलं बरं की २५ जुलैला? १० जूनला कळलं तर मिस्त्री हसत सांगेल. २५ जुलैला कळलं तर शेजारच्या होड्या समुद्रात आणि आपली किनाऱ्यावर. हंगामाच्या पहिल्या फेऱ्या हुकल्या की कर्जाचा हप्ता, खलाश्यांची उचल, घरातल्या फिया, सगळ्यांचं गणित बिघडतं. म्हणून अजाईलचा एक जुना सल्ला आहे: ज्या कामात धोका जास्त आणि माहिती कमी, ते आधी हातात घ्या.

दुसरी गोष्ट, 'झालं' म्हणजे काय हे आधी ठरवा. "इंजिन झालं" असं एक जण म्हणतो तेव्हा त्याला वाटतं भाग बसले. दुसऱ्याला वाटतं चालू करून पाहिलं. फलकाशेजारी लिहून ठेवा: इंजिन झालं म्हणजे अर्धा तास चाललं, तेल गळलं नाही आणि तांडेलानं स्वतः आवाज ऐकला. जाळं झालं म्हणजे विणकाम, बोया, दोर सगळं लागलं आणि दुसऱ्या माणसानं तपासलं. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

कुठं फसतं

पहिलं, रोजची बैठक हजेरी होते. सगळे साहेबाकडं बघून बोलतात आणि "सगळं ठीक" म्हणतात. बैठक एकमेकांसाठी आहे. "माझं अडलं आहे" म्हणणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी चारचौघांत बोल लावले, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी अडलेलं सांगणार नाही. मग फलकावर सगळं हिरवं आणि किनाऱ्यावर होडी नागडी. वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार माना. तोच संस्थेचे पैसे वाचवतो.

दुसरं, मधेच कामं घुसवणं. टप्पा चालू असताना कुणी वजनदार माणूस येतो आणि "आधी माझं करा" म्हणतो. खरी आणीबाणी असेल तर करावंच लागतं. पण मग आत आलेल्या कामाच्या बदल्यात एक चिठ्ठी बाहेर काढायची, तीही सर्वांसमोर.

तिसरं, नाव बदललं आणि काम तेच. फलक टांगला, टप्प्यांना स्प्रिंट म्हणायला लागलो, पण निर्णय मात्र तिथंच, वर. १९९५ मध्ये विभागप्रमुखांना नुसतं सकाळी फिरायला सांगितलं असतं आणि खर्चाचा अधिकार दिला नसता, तर ते फिरून फिरून दमले असते, गटार तसंच राहिलं असतं. ज्याला दिसतं त्यालाच ठरवायचा हक्क हवा. लहान खर्चाची मर्यादा ठरवून द्या आणि त्याच्या आत गटाला विचारत बसू नका.

चौथं, मागं वळून बघणं टाळणं. काम संपलं की चहा पिऊन पांगायची घाई असते. मग तीच अडचण पुढच्या टप्प्यात नव्या कपड्यांत येते.

कुठं वापरायचं नाही

समुद्रात असताना बैठक नसते. वारा फिरला, पाणी चढलं, तर तांडेलाचा शब्द शेवटचा. लाइफ जॅकेट, हवामान खात्याचा इशारा, वायरलेस या गोष्टींत "आधी थोडं करून बघू, मग सुधारू" चालत नाही. त्या पहिल्या दिवशीच पूर्ण हव्यात. तसंच संस्थेचे हिशेब, लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभेच्या मुदती कायद्यानं बांधलेल्या आहेत, त्या टप्प्यांच्या सोयीनं हलत नाहीत. अजाईल आहे ते कामाच्या आखणीसाठी. जीव आणि कायदा यांत तडजोड नाही.

माणूस गेल्यावर काय उरतं

सुरतेच्या गोष्टीत एक प्रश्न राहतो. राव दोनेक वर्षांत बदलून गेले. वरून आलेला खमका अधिकारी गेला की सगळं पूर्वीसारखं होतं, हा आपल्या देशातला नेहमीचा अनुभव. सुरतेत तसं झालं नाही. त्यानंतर आलेल्या अनेक आयुक्तांनी, नगरसेवकांनी, सफाई कामगारांनी ती घडी चालू ठेवली आणि तीत भर घातली. स्वच्छ सर्वेक्षणात सुरत २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये देशात दुसरी आली, आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिल्या क्रमांकावर. एका माणसाच्या धाकावर तीस वर्षं झाडू चालत नाही. सकाळी जाऊन बघायची, दुपारी बसून बोलायची सवय कामात मुरली की ती माणसानंतरही उरते.

आपल्या संस्थांनाही हाच प्रश्न आहे. एखादा चेअरमन, एखादा जुना तांडेल असतो तोवर सगळं चालतं. त्याच्या डोक्यातली यादी त्याच्याबरोबर जाते. भिंतीवरचा फलक कुठं जात नाही. नवा पोरगा आला तरी त्याला पाच मिनिटांत कळतं की काय झालं आहे, काय राहिलं आहे. म्हणून या पद्धतीचा खरा फायदा होतो तो पुढच्या पिढीला.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा

१. एक लहान काम निवडा. पूर्ण संस्था बदलायला जाऊ नका. एक होडी, किंवा बाजारातला एक ओटा.
२. सहा-आठ माणसांचा गट करा. त्यात काम करणारा आणि ते वापरणारा, दोघं हवेत.
३. सगळी कामं चिठ्ठ्यांवर लिहा, एका चिठ्ठीवर एक. क्रम लावा. धोक्याचं वर.
४. खडूनं भिंतीवर तीन रकाने आखा. मोबाईलवरचं ॲप नंतर बघू, खडू पुरतो.
५. पंधरा दिवसांनंतरची दाखवणीची तारीख आजच लिहा आणि ज्याला दाखवायचं त्याला आजच सांगा.
६. रोज ठरल्या वेळी १५ मिनिटं उभे राहा. कुणी नसलं तरी जेवढे आहेत तेवढे.

पहिल्या टप्प्यात ठरवलेल्यातलं निम्मंच होईल. घाबरू नका. आपण किती कामं घेतली आणि किती झाली, हा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या टप्प्यात तेवढीच घ्या. दोन-तीन टप्प्यांत गटाला आपली ताकद कळते आणि दिलेला शब्द पाळता यायला लागतो. व्यापारी, बँक, बर्फवाला, सगळ्यांकडं त्या शब्दाला किंमत असते.

घरात कंपनीत काम करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा पाठ त्यांना वाचून दाखवा आणि फलक आखायला सोबत बसवा. त्यांना शब्द माहीत आहेत, तुम्हाला काम माहीत आहे. दोघं मिळून पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा: आत्ता या घडीला काय बिघडलं आहे, आणि ते आपल्याला कधी कळणार आहे?

आपले नम्र,
सचिव आणि कार्यालयीन मंडळी